जुन्या मोटारसायकलचे शॉकअप : आवळण्याआधी ऑइल पाहा

नागपूरच्या एखाद्या सिमेंट रस्त्यावर जुनी मोटारसायकल ताशी ३०-४० किलोमीटर वेगाने निघाली की एक गोष्ट हमखास जाणवते. रस्ता वरकरणी सपाट असतो, खड्डा कुठे दिसत नाही. तरीही गाडी डुलू लागते आणि मागे बसलेल्याची मान लयीत हलत राहते. चालक रस्त्याला दोष देतो. मेकॅनिक शॉकअप ‘टाइट’ करून देतो. दुसऱ्या दिवशी डुलणे तसेच असते, भरीला कंबरेला दणके बसू लागतात.

या डुलण्यामागचे गणित सोपे आहे. सिमेंट रस्ता आक्रसताना वाटेल तिथे तडकू नये म्हणून त्यात साधारण ४.५ मीटर अंतरावर आडवे सांधे कापलेले असतात. ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी असे सांधे सेकंदाला जवळपास दोन ते अडीच या गतीने ओलांडते. स्वारासह मोटारसायकल तिच्या स्प्रिंगांवर दाबून सोडली, तर तीही सेकंदाला सुमारे दीड ते अडीच वेळाच खालीवर होते. झोपाळ्याला प्रत्येक फेरीत नुसता हात लावला तरी झोका वाढत जातो, तसाच हा प्रकार. निरोगी शॉकअप हा झोका पहिल्याच फेरीत मोडून टाकतो. झिजलेला शॉकअप तो वाढू देतो. रस्त्याचा सांधा हे निमित्त असते. दोष बहुधा गाडीत, आणि तोही स्प्रिंगमध्ये नव्हे तर तिच्या जोडीला दिलेल्या ऑइलमध्ये असतो.

स्प्रिंगचे काम वेगळे, ऑइलचे वेगळे

सस्पेन्शनमध्ये दोन कामगार असतात. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का पोटात घेते. मात्र घेतलेले सगळे ती लगेच परत करते. ती उसळी आवरण्याचे काम ऑइलचे. फोर्कच्या नळीत किंवा शॉकअपच्या सिलिंडरमध्ये दट्टा हलतो तेव्हा ऑइलला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या ओढाताणीत धक्क्याची शक्ती उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावर बराच वेळ चालवून आणलेल्या गाडीचा मागचा शॉकअप हाताला कोमट लागतो, तो यामुळेच.

हायड्रॉलिक टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये रस्त्यावरच्या गाडीला दिला. मागचे चाक मात्र त्यानंतरही बरीच वर्षे बहुतेक गाड्यांच्या चौकटीला थेट जखडलेले असे आणि धक्के सोसायला सीटखालच्या स्प्रिंगा तेवढ्या असत. रॉयल एनफिल्डने १९४८ मध्ये बुलेटच्या नमुना गाड्या मागे हलता चिमटा व शॉकअप बसवून इंग्लंडमधील ट्रायल स्पर्धेत उतरवल्या. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. १९६१ मध्ये म्हैसूरला जावा आली. विदर्भातल्या दूधवाल्यांची आवडती राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली होती. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांचा पुढचा फोर्क टेलिस्कोपिक नव्हता. चाकामागे बिजागरी असलेल्या त्या रचनेमुळे ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली जात नसे. १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आणि हीरो होंडा सीडी १०० आल्या, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. आज नागपुरात ‘जुनी गाडी’ म्हणून जे काही रस्त्यावर दिसते, त्यातले बरेचसे या यादीतले. महाराष्ट्रापुरते सांगायचे तर गेब्रियल कंपनीने १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला शॉकअपचा कारखाना काढला, आणि पुढे औरंगाबादजवळचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज हे दुचाकींच्या सुट्या भागांचे मोठे केंद्र झाले.

या सर्व गाड्यांत एक साम्य आहे. पुढच्या फोर्कला बाहेरून फिरवायचा कोणताही स्क्रू नाही. आतल्या दांडीतली छिद्रे कारखान्यात जेवढी पाडली तेवढीच. अशा छिद्राचा विरोध हालचालीच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून हळू हालचालीला हा फोर्क फारच मऊ वाटतो, ब्रेक लावताच नाक टेकवतो. आणि खड्ड्याची तीव्र कड लागली की अचानक दगडासारखा कडक होतो. ही त्या काळच्या रचनेची मर्यादा आहे. मालकाच्या हाती राहतात ते ऑइलचा दाटपणा, त्याचे माप आणि त्याची ताजेपणाची तारीख.

मे आणि डिसेंबर

ऑइलचा दाटपणा तापमानाबरोबर बदलतो आणि नागपुरात तो बदलायला वाव फार आहे. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत उतरला. ही टोके सोडली तरी मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांत तीसेक अंशांचे अंतर नेहमीचेच. तेवढ्या फरकात साध्या खनिज ऑइलचा दाटपणा कित्येक पटींनी बदलतो. थंडीत पहिले दोन-तीन किलोमीटर फोर्क अडून बसल्यासारखा वाटणे, ही म्हणूनच तक्रार नव्हे. उन्हाळ्यात गाडी डुलणे ही मात्र तक्रार आहे, कारण ताज्या ऑइलात तेवढी पत राखून ठेवलेली असते; दोन-चार वर्षांच्या जुन्या, पाणी मिसळलेल्या ऑइलात ती नसते.

पावसाळा वेगळे नुकसान करतो. विदर्भाची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. तिच्यावरचे रस्ते खचतात ते तिच्या या स्वभावामुळेच, आणि तिचा बारीक चिखल फोर्कच्या नळीवर चिकटून वाळतो. प्रत्येक दणक्यासरशी तो ऑइल सीलच्या ओठाखाली घासला जातो. त्यावर वॉशिंग सेंटरमध्ये जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतली की उरलेले काम पाणी करते. फोर्कवर फवारा जवळून मारू देऊ नये, इतके सांगण्याचा अधिकार गाडीमालकाला असतो. तो फारसे कोणी वापरत नाही.

दहा मिनिटांची तपासणी

तपासणीला हत्यार लागत नाही, जोडीदार असल्यास बरे. सर्वप्रथम टायरमधली हवा पाहावी, आणि तीही गाडी थंड असताना. हवा जास्त असल्याने बसणाऱ्या धक्क्यांचे खापर अनेकदा शॉकअपवर फुटते.

पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात खाली दाबावे व सोडावे. फोर्कने वर येऊन स्थिर व्हावे. तो दोन-तीनदा वरखाली झाला तर ऑइल संपले किंवा पातळ झाले. मग नळीवर बोट फिरवावे. ऑइलचे ओले कडे दिसले तर सील गेले आहे. हे कडे नजरेआड करण्यासारखे नाही. ऑइल ओघळून ड्रमच्या लायनरवर किंवा डिस्कवर गेले, तर गाडीचा सर्वांत महत्त्वाचा ब्रेक नेमक्या गरजेच्या क्षणी दगा देतो.

नंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी ठेवावे. फोर्कची खालची टोके धरून मागेपुढे हलवल्यावर ‘टक’ असे जाणवले, तर जोडीदाराने हँडलच्या मानेशी बोट लावून पाहावे. टक् तिथे लागली तर कोन सेट ढिला. खाली लागली तर फोर्कचे बुश झिजले. हँडल अलगद डावी-उजवीकडे फिरवताना मध्यभागी खाच लागल्यासारखे अडकत असेल, तर कोन सेटच्या वाट्यांवर छऱ्यांचे खड्डे पडले आहेत. असा कोन सेट आवळून सुधारत नाही, बदलावाच लागतो.

मागचे चाक उचलून आडवे हलवावे. खेळ जाणवल्यास एका हाताने चिमटा धरून पुन्हा पाहावे. चिमटाही हलत असेल तर त्याचे बुश गेले, नुसते चाक हलत असेल तर बेअरिंग. वळणावर गाडीचे मागचे अंग ‘मागे राहते’, असे सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या गाडीत शॉकअप ठीक आणि चिमट्याचे बुश झिजलेले असते. जिथे ग्रीस भरायची सोय दिली आहे, तिथेही वर्षानुवर्षे ग्रीस गेलेले नसते.

‘टाइट’ म्हणजे काय होते?

मागच्या शॉकअपच्या तळाशी पायऱ्यापायऱ्यांची एक रिंग असते. बहुधा पाच खाचांची. हुक पान्याने ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दबून बसते. यालाच गॅरेजच्या भाषेत शॉकअप टाइट करणे म्हणतात, आणि इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. समजा, मागचे चाक एक सेंटिमीटर वर ढकलायला २० किलो भार लागतो. स्वार बसल्यावर मागे ६० किलो आले तर गाडी तीन सेंटिमीटर बसेल. रिंग शेवटच्या खाचेवर नेली तर ती कमी बसेल, पण त्यापुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला पुन्हा २० किलोच लागतील. बदलते ती गाडीची बैठक, म्हणजे स्वार बसल्यावर ती किती खाली येते ते माप. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘सॅग’ म्हणतात.

बैठक मोजणे सोपे आहे. मागचे चाक अधांतरी असताना एक्सलच्या मध्यापासून सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग स्वाराने नेहमीसारखे बसावे, पाय फूटरेस्टवर, जोडीदाराने गाडी सरळ धरावी, आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. पहिले ५४० मिलिमीटर आणि दुसरे ५१२ भरले तर बैठक २८ मिलिमीटर. चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत ती असावी. ९० मिलिमीटर हालचाल असलेल्या गाडीला २८ उत्तम. स्वार बसूनही जेमतेम दहाच भरली तर रिंग फार आवळलेली आहे, चाळीसच्या पुढे गेली तर सैल. नेहमी दोघे बसत असतील तर दोघांनिशी मोजावे. शेवटची खाच लावूनही बैठक आवरत नसेल, तर स्प्रिंगा बसल्या आहेत, त्या बदलाव्यात. दोन्ही बाजूंची खाच एकच असली पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. पण पार्किंगमध्ये सहज वाकून पाहिले तर नियम मोडणाऱ्या गाड्या दिसतात. एका बाजूची रिंग गंजून बसलेली असते आणि फिरली तेवढीच फिरवलेली असते.

एकट्या, सडपातळ स्वाराने सर्वांत वरच्या खाचेवर गाडी चालवली तर काय बिघडते? खड्डा आला की चाकाला खाली उतरावे लागते. बैठकच नसेल तर उतरायला जागा नसते. चाक हवेत राहते आणि पलीकडच्या काठावर आपटते. जेवढा वेळ चाक हवेत, तेवढा वेळ ब्रेकला अर्थ नाही. शिवाय मागची बाजू उचलली गेल्याने हँडल चंचल होते. उलट मागची बाजू बसलेली असेल तर हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो. रात्री कामठी रोडवर किंवा उमरेड रोडवर झोत डोळ्यांत घालणारी प्रत्येक दुचाकी काही अप्परवर चालत नसते. काहींच्या मागे दोघे आणि एक पोते असते.

फोर्कचे ऑइल बदलताना

मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातले माप अंतिम मानावे. नसेल तर १० ते १५ हजार किलोमीटर किंवा दोन वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. नागपुरात या कामाला ऑक्टोबर बरा; पाऊस संपलेला असतो आणि आत शिरलेले पाणी हिवाळाभर नळीत राहत नाही.

गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा द्यावा. वरच्या पट्टीचा क्लॅम्प बोल्ट आधी ढिला करावा, नंतर नळीच्या टोकावरचे झाकण. हे झाकण स्प्रिंगच्या दाबाखाली असते. शेवटचे आटे सुटताना ते उसळते, म्हणून त्यावर जाड कापड धरावे आणि चेहरा बाजूला ठेवावा. ही सूचना भित्र्यांसाठी नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत खाली ड्रेन स्क्रू असतो. तो काढून फोर्क सावकाश वरखाली करत ऑइल भांड्यात घ्यावे. डाव्या-उजव्या बाजूचे ऑइल वेगवेगळे मोजावे. एकीकडे १५० मिलिलीटर आणि दुसरीकडे ९० निघाले, तर गळणारी बाजू सापडली. रंग दुधाळ चहासारखा असेल तर पाणी शिरले आहे, चंदेरी झाक असेल तर बुश झिजत आहेत.

नवे ऑइल मोजपात्रानेच घालावे. १०० ते १५० सीसीच्या गाड्यांना एका नळीत साधारण दीडशे ते दोनशे मिलिलीटर लागते, नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. ‘थोडे जास्त घातले तर चांगले’ ही समजूत महागात पडते. ऑइलच्या वर नळीत जी हवा उरते ती दबून स्प्रिंगसारखेच काम करते. ऑइल वाढले की हवेची जागा घटते, शेवटच्या टप्प्यात फोर्क कडक होतो आणि दाब सीलवर येतो. नव्या सीलच्या जोडीला ठासून भरलेले ऑइल, आणि महिन्याभरात पुन्हा ओले कडे, हा क्रम अनेक मालकांच्या परिचयाचा आहे.

कोणते ऑइल? फोर्कसाठीच बनवलेले, मॅन्युअलने सांगितलेल्या दाटपणाचे. इंजिनचे २०डब्ल्यू-४० घालण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि जुन्या बुलेटच्या ढोबळ फोर्कमध्ये ते निभावूनही जाते. आरएक्स १०० सारख्या हलक्या गाडीत मात्र थंडीच्या सकाळी फोर्क हलायलाच तयार नसतो. इंजिनमधून काढलेले काळे ऑइल घालणे हा शुद्ध नाठाळपणा. त्यातले धातूचे कण सील आणि बुश दोन्ही खातात. काढलेले ऑइल नालीत न ओतता डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला द्यावे.

सील बदलायचे असेल तर आधी नळी पाहावी. ज्या पट्ट्यात सील घासते तिथे क्रोम किडले असेल, तर नवे सील काही आठवड्यांचे पाहुणे. किरकोळ टोके बारीक पॉलिश पेपरने बसवता येतात. खोल खड्डे असतील तर नळीच बदलणे स्वस्त पडते. याउलट, सील फाटलेले नसून त्याच्या ओठाखाली नुसती माती अडकलेली असणेही तितकेच शक्य असते. डस्ट सील वर सरकवून जुन्या एक्स-रे फिल्मची गुळगुळीत पट्टी सीलच्या कडेने अलगद फिरवली की कण बाहेर येतात आणि गळती कधीकधी तेवढ्यावर थांबते. गाडी खोलण्याआधी हा उपाय करून पाहण्यात तोटा काही नाही.

सगळे जोडल्यावर एक्सलचा क्लॅम्प आवळण्यापूर्वी पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा दाबावी. दोन्ही नळ्या आपोआप समांतर येतात. ही पायरी गाळली तर नव्या ऑइलातही फोर्क अडखळतो.

मागचे शॉकअप आणि कापलेल्या स्प्रिंगा

मागचे शॉकअप बहुतेक गाड्यांत सीलबंद असतात. ते भोक पाडून, ऑइल भरून, वेल्डिंग करून मिळतात. अशी दुरुस्ती काही महिने टिकली तरी नशीब. काही जुन्या गाड्यांचे शॉकअप मुळातच उघडता येण्याजोगे आहेत, त्यांचे सील बदलणे योग्यच. गॅस भरलेल्या शॉकअपला मात्र ड्रिल किंवा ज्योत लावू नये. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो. बदलताना जोडीने बदलावे. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तेव्हापासून तिचे मूळ भाग मिळणे अवघड आहे, आणि तिच्या नावाने मिळणाऱ्या अनेक जोड्यांची लांबी सारखी असली तरी स्प्रिंग वेगळी असते. विकत घेण्याआधी दुकानातच जुन्या शॉकअपशेजारी ठेवून तारेची जाडी आणि वेटोळी मोजावीत.

गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगची वेटोळी कापण्याचा शौक तरुणांत आहे. वेटोळी कमी झाली की उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते आणि हालचालीची जागाही घटते. म्हणजे दोन्हीकडून तोटा. नियमानुसार बांधलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किलोमीटरने सुखरूप ओलांडता येईल असा. गल्लीतले हौशी गतिरोधक या मापाच्या आसपासही नसतात. कापलेल्या स्प्रिंगची गाडी त्यांवर चौकटीनिशी आपटते आणि तडा जातो तो शॉकअपच्या वरच्या टेकूशी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. १५ वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकृत करताना ती आरटीओत तपासणीला न्यावीच लागते, तेव्हा ओला फोर्क आणि बुटके शॉकअप दोन्ही नजरेत भरतात.

काम झाल्यावर तारीख, किलोमीटर, ऑइलचे माप आणि मागची खाच सर्व्हिस बुकात लिहून ठेवावी. ५०० किलोमीटरनंतर फोर्कच्या नळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवावे. ते कोरडे निघाले, तर त्याच सिमेंट रस्त्यावरून त्याच वेगाने, मागे त्याच माणसाला बसवून एक फेरी मारावी.